टक्का न घेता टिकलेलं ऑफिस: आमची वाटचाल

सुरुवातीलाच सांगते, ही जाहिरात नाही. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ३६ आहे आणि आमच्या पिढीतले काहीजण तो अजून पाळतात. त्यामुळे हे वाचून कोणी फाईल घेऊन येऊ नका, बोर्ड, म्हणजे रोजच्या केसेसची यादी, तसाही भरलेला असतो. लिहायला बसले त्याचं कारण वेगळं. परवा बार रूममध्ये एका नव्या पोराने चहा पिता पिता सहज विचारलं, मॅडम, तुमचं ऑफिस मध्ये बंद पडलं होतं ना? नाही बाबा. बंद पडलं नव्हतं, बंद पाडायचा प्रयत्न झाला होता, आणि ते कसं ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

२००१ मध्ये नागपूरच्या महालात एका वाड्याच्या खालच्या खोलीत आम्ही बसायला लागलो. आम्ही म्हणजे मी, माझे पार्टनर आणि आमचे कारकून मुन्शीजी. एक सेकंडहँड गोदरेजचा मराठी टाइपरायटर होता, त्याचा 'ज' धड उमटायचा नाही आणि आमचं अर्धं काम जामीन अर्जाचं, मग मुन्शीजी प्रत्येक कॉपीवर पेनाने 'ज' गिरवत बसायचे. त्यांचं दाभण अजून ऑफिसात आहे. तीन भोकं, पांढरा दोरा, मागे गाठ, वर लाल फीत. आता सगळे स्टेपल मारतात, झटपट होतं, मग अपिलात खालचं रेकॉर्ड मागवलं की निशाणी २७, म्हणजे त्या नंबरचा कागद, कुठे गेली म्हणून शोधत फिरतात. ज्युनियर लोकांनो, फाईल शिवायला शिका, लाज वाटायचं काही कारण नाही.

पार्टनर हुशार होते, हे मी आजही नाकारत नाही. क्रॉसला, म्हणजे उलटतपासणीला, उभे राहिले की समोरचा साक्षीदार घाम पुसायचा. ड्राफ्टिंग माझं, क्रॉस त्यांचं, तारखा मुन्शीजींच्या डायरीत, असं चाललं. पुढची दहा-बारा वर्षं सांगण्यासारखं काही नाही, दावे, निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचे अर्ज, चेक बाउन्स, अपघाताचे क्लेम, काम होतं आणि पैसे येत होते.

बिनसलं ते टक्क्यावरून. अपघाताच्या क्लेममध्ये आपल्याकडे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. माणूस हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत असतो आणि बाहेर दलाल बायकोकडून कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा घेत असतो. खर्च आमचा, निकाल लागला की वीस टक्के आमचे. पार्टनर म्हणाले आपणही करू, मार्केटच तसं आहे. मी म्हटलं नियम २० वाचा, निकालावर फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, साध्या भाषेत लिहिलंय. ते हसले. म्हणाले, नियम कोण पाळून राहिलं?

२०१३ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं तेव्हा पार्टनर ऑफिस सोडून गेलेले होते, दोन्ही ज्युनियर त्यांच्याबरोबर. टायपिस्टही. आणि डायरी! फाईली कपाटात आमच्याकडे, त्यांच्या तारखा त्यांच्याकडे. ज्यांनी कोर्टात काम केलंय त्यांना याचा अर्थ सांगायला नको. तेव्हा आजच्यासारखं ई-कोर्ट्सचं ॲप नव्हतं की नाव टाकलं आणि पुढची तारीख दिसली. मुन्शीजी तेव्हा साठीच्या पुढचे, गुडघे दुखायचे, पण तो माणूस न्यायमंदिराच्या एकेका कोर्टात जाऊन बोर्ड वाचायचा, शिरस्तेदाराला विनवण्या करून रोजनामा बघायचा आणि बिडीच्या पाकिटावर तारखा उतरवून आणायचा. तरी काही दावे गैरहजेरीत खारीज झालेच. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल ९ खाली ३० दिवसांच्या आत रिस्टोरेशनचे, म्हणजे दावा परत चालू करायचे अर्ज, प्रत्येकाला वेगळं ॲफिडेव्हिट, प्रत्येक कोर्टात तेच लाजिरवाणं कारण सांगायचं, काही कोर्टांनी कॉस्ट लावली ती मी खिशातून भरली.

तोवर पक्षकारांना फोन गेले होते. मॅडम आता प्रॅक्टिस बंद करून राहिल्या, तुम्ही इकडे या. लोक एन.ओ.सी., म्हणजे दुसरा वकील लावायला आमची हरकत नाही असं पत्र, मागायला यायला लागले, कोणी नजर चुकवत, कोणी भांडत. मुन्शीजी दारात उभे राहून म्हणायचे, पहिले बाकी फी, मग कागद. त्यांचा राग मला समजत होता, पण सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सांगून टाकलंय की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही. फाईल पक्षकाराची असते, फीसाठी वेगळा दावा करा. मी एकेक फाईल काढून दिली, पोच घेतली, बाकी फी अजून येतेच आहे. त्या वर्षी भाडं द्यायला सासऱ्यांकडून आलेला ए.आय.आर.चा, म्हणजे छापील निकालांच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चा, जुना सेट विकला. ए.आय.आर. आपल्या नागपुरातूनच निघतो हो, आणि नागपुरातल्याच वकिलाला तो विकावा लागला.

अशा वेळी वाडीचे ट्रान्सपोर्टवाले भाऊ आले. पहिल्या वर्षापासूनचे पक्षकार, तेव्हा दोन ट्रक होते त्यांचे. मला वाटलं तेही एन.ओ.सी.च मागणार. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या पार्टनरचा फोन आला होता. मी म्हटलं, जो माणूस डायरी घेऊन पयते तो उद्या माह्या गाडीचे कागद घेऊन पयन." मग चेक बाउन्सच्या पंधरा-वीस मेमोंची थप्पी टेबलावर ठेवली. "काहून टेन्शन घेऊन राहिल्या? चेक हायेत तोवर बाउन्स हाये." त्या थप्पीवर ऑफिस चाललं, हे लपवायचं काय! (चेक परत आल्याचा मेमो मिळाला की ३० दिवसांत नोटीस द्या, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघा, मग एका महिन्यात केस टाका. व्यापारी लोक "पार्टी ओळखीची आहे, देईल" म्हणत ते ३० दिवस घालवतात आणि मग आमच्याकडे येऊन रडतात.)

आता जिंकलेल्या केसेस. त्या बऱ्याच आहेत पण सांगते ती एकच, कारण ती केस त्या कपाटातून कोणी न्यायला आलं नाही अशा फाइलींपैकी होती. वाडी नाक्याजवळ पंचरचं दुकान चालवणारा माणूस, वय ३२, मागून आलेल्या ट्रकने उडवला. मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. पार्टनरच्या नव्या ऑफिसने त्याच्या बायकोला बोलावलं होतं, पण कमाईचा पुरावा नाही म्हटल्यावर वीस टक्क्यातही त्यांना रस उरला नाही. फी द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, मी घेतली नाही. इन्शुरन्स कंपनी म्हणे महिन्याचे सहा हजार धरू, लोकअदालतीत आठ लाखांत मिटवा. नातेवाईक तिला समजावत होते, घेऊन टाक. मी तिला म्हटलं, लोकअदालतीत सही केली की अपील नाही, घरी जाऊन त्याची काही वहीबिही असेल तर शोध.

तिने उधारीची वही आणली. ऑइलने काळी झालेली, कडा कुरतडलेल्या. त्या माणसाला लिहिता येत नव्हतं, म्हणून ज्याची उधारी तो ड्रायव्हर स्वतःच लिहायचा: गाडीचे शेवटचे चार आकडे, मागचा डावा, गेटर, ट्यूब, रुपये. कंपनीचे वकील क्रॉसला उभे राहिले आणि आमच्या बाईला सरळ विचारलं, ही वही तुम्ही नवऱ्याच्या मृत्यूनंतर लिहून घेतली ना? बाई गप्प. मी जजसाहेबांना विनंती केली की वही एकदा हातात घेऊन बघावी. पान उलटलं तर वर हिंदी, खाली गुरुमुखी, पुढच्या पानावर तेलुगू. अमरावती रोडवर देशभरातली गाडी थांबते, त्या सगळ्यांचं हस्ताक्षर त्यात. चौथी शिकलेल्या बाईने तेलुगू कुठून आणलं असतं? नंतर वाडीचे भाऊ साक्षीला उभे राहिले, स्वतःच्या गाड्यांचे व्हाउचर घेऊन. तीच तारीख, तोच गाडी नंबर, तीच रक्कम. समोरच्या वकिलांनी पुढे फारसं विचारलं नाही.

युक्तिवाद बाकी असतानाच ३१ ऑक्टोबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा प्रणय सेठीचा निकाल आला, स्वतःचा धंदा करणारा ४० च्या आतला असेल तर कमाईत ४० टक्के वाढ धरायची. कधीकधी केस लांबल्याचा असाही फायदा होतो. कोर्टाने कमाई १२ हजार मानली. त्यात ४० टक्के, झाले १६,८००. अवलंबून चार माणसं म्हणून स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा, राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक, म्हणजे २४,१९,२००, वर ठरलेल्या बाकीच्या रकमा आणि व्याज. कंपनी हायकोर्टात गेली, तिथेही अपील फेटाळलं. पैसे मुलांच्या नावाने एफ.डी. झाले. बाईने आम्हाला पेढे आणले, मुन्शीजींना शुगर आहे तरी त्यांनी दोन खाल्ले.

एक आगाऊ सूचना, कोणी मागितली नाही तरी देते. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताचा दावा सहा महिन्यांत टाकायची मुदत आलीय. त्यावर कोर्टात वाद सुरू आहेत, पण तुम्ही कशाला रिस्क घेता? तेराव्यानंतर लगेच वकील गाठा. आणि ज्यांची जमीन संपादनात जाते त्यांनी चेक घेताना हरकत राखून घेतोय हे लेखी द्यावं, आवक नंबर टाकून पोच घ्यावी. जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हरकत न राखता पैसे उचलले तर कलम १८ चा रेफरन्सच, म्हणजे मोबदला वाढवायला प्रकरण कोर्टाकडे पाठवणं, मागता येत नव्हतं. एका अख्ख्या गावाचं प्रकरण आम्ही त्या एका आवक शिक्क्यावर वाचवलंय.

फुकट कामाबद्दल लोक विचारतात, परवडतं कसं? वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये लीगल एडतर्फे जाते तेव्हा जे दिसतं ते बघितलं की हा प्रश्न पडत नाही. मोबाईल चोरीचा एक पोरगा होता. जामीन केव्हाच मंजूर, १५ हजारांचा, एक जामीनदार. पण टॅक्स पावती असलेला जामीनदार आणणार कोण? कोर्टाबाहेर किरायाचे जामीनदार फिरतात, त्यांचा भाव याच्या घरच्यांना परवडेना. चोरीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, आणि हा त्याच्या अर्ध्याहून जास्त आतच बसलेला. अर्धी शिक्षा आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडायच्या, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६अ चा अर्ज केला, कोर्टाने पर्सनल बाँडवर सोडलं. दोन पानांचा अर्ज होता. आता त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात, बी.एन.एस.एस. (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ मध्ये, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षेएवढा काळ काढला की पुरे. आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. बायांनो, तुम्हाला तर उत्पन्नाचा दाखला न देता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, दलालाला अंगठा देण्याआधी एकदा प्राधिकरणात जाऊन विचारा.

पार्टनर आजही त्याच कोर्टात दिसतात. मोठं ऑफिस आहे, एसी आहे, चार-पाच ज्युनियर आहेत. मागच्या वर्षी त्यांचाच एक ज्युनियर आमच्याकडे आला, मान खाली घालून. म्हणे सरांना त्या वाडीच्या पंचरवाल्याच्या जजमेंटची कॉपी पाहिजे, एका मॅटरमध्ये लावायची आहे. मुन्शीजींनी कपाट उघडून ती फाईल काढली, शिवण न उसवता झेरॉक्स करून दिली आणि पानामागे दोन रुपये मोजून घेतले.