स्कोर मशीनचा की कंपायलरचा?

कोणी नवीन लॅपटॉप घ्यायचं म्हटलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच गीकबेंचचे (मशीनचा वेग मोजून स्कोर देणारं ॲप) स्क्रीनशॉट पडायला लागतात, मॅकला एवढे, विंडोजवाल्याला एवढे, झालं, घे मॅक. अरे पण थांबा ना. दोन प्लॅटफॉर्मवर सोर्स कोड एकच असला तरी प्रत्यक्षात पळतं ते वेगळंच काहीतरी असतं, कारण मध्ये कंपायलर आहे (सोर्स कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), लायब्ररी आहेत (तयार कोडचे साठे), ओएस आहे, आणि आकडा या सगळ्यांचा मिळून येतो, कौतुक मात्र एकट्या चिपचं.

हे दुखणं जुनं आहे. १९८४ मध्ये राइनहोल्ड वाइकर यांनी ड्राइस्टोन लिहिला, वेग मोजायचा छोटासा प्रोग्राम, आणि व्हॅक्स ११/७८० या तेव्हाच्या कॉम्प्युटरवर तो सेकंदाला १७५७ वेळा व्हायचा म्हणून तेवढ्याला एक मिप्स (सेकंदाला दहा लाख सूचना) धरायची पद्धत पडली. मायक्रोकंट्रोलरवाले (उपकरणांतल्या छोट्या चिपा बनवणारे) अजूनही डीमिप्स, म्हणजे ड्राइस्टोनवरून काढलेले मिप्स, छापतात, कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरला मेगाहर्ट्झमागे १.२५ वगैरे. पण ड्राइस्टोनचा बराच वेळ स्ट्रिंग (अक्षरांच्या ओळी) कॉपी आणि कंपेअर करण्यात जातो, म्हणजे ज्याची स्ट्रिंगची लायब्ररी तगडी तो पुढे, चिप तीच असली तरी!

मग १९८८ ला स्पेक ही संस्था निघाली, खरेखुरे प्रोग्राम घेऊन मोजू म्हणून. त्यांच्या टेस्टच्या पहिल्याच संचात मॅट्रिक्स३०० नावाचा एक प्रोग्राम होता, ज्याचा ९९ टक्के वेळ कोडच्या एकाच ओळीत जायचा. कंपायलरवाल्यांनी ती ओळ बरोब्बर हेरली, आयबीएमच्या एका मशीनवर नुसता कंपायलर बदलून स्कोर जवळजवळ नऊपट झाला, आणि पुढच्या संचातून मॅट्रिक्स३०० ला नारळ मिळाला. आता सुधारले असतील म्हणाल तर २०२४ मध्ये स्पेकने इंटेलच्या कंपायलरने काढलेले २६०० हून जास्त निकाल बाद ठरवले, कारण एका टेस्टचा कोड आणि डेटा आधीच माहीत असल्यासारखं ऑप्टिमायझेशन त्यात होतं. पेपर फुटलेला, दुसरं काय.

सुपरकॉम्प्युटरचंही तेच. जगातल्या सगळ्यात वेगवान सुपरकॉम्प्युटरची टॉप५०० ही यादी लिनपॅक नावाच्या टेस्टवर लागते, २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या पुण्यातल्या सीडॅक या सरकारी संस्थेचा परम सिद्धी त्यात ६३ वा आला, आनंदच आहे. पण लिनपॅक म्हणजे दाट मॅट्रिक्सची (आकड्यांनी भरगच्च तक्त्यांची) गणितं, प्रोसेसरला खाऊ. एचपीसीजी नावाची दुसरी टेस्ट मेमरीला घाम फोडते, आणि तिथे जपानचा फुगाकू लिनपॅकवरच्या ४४२ पेटाफ्लॉप्सवरून (गणितं करायच्या वेगाचं माप) थेट १६ वर येतो. हवामानाची मॉडेलं या दुसऱ्या जातीची, त्यामुळे पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत बसलेल्या माणसाला मी तरी दुसराच आकडा आधी विचारेन.

घरच्या मशीनवर मी आता नुसता आपला रोजचाच प्रोजेक्ट बिल्ड करून (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवून) किती वेळ लागतो ते बघतो. चार्जर लावलेला, ब्राउझर बंद, पहिला रन सोडून द्यायचा (कॅश थंड असते, म्हणजे लागणाऱ्या फाइली अजून मेमरीत आलेल्या नसतात), मग बरेच रन काढून मधला आकडा घ्यायचा. सगळ्यात वेगवान रन मिरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, बिनपंख्याचा लॅपटॉप सुरुवातीला सुसाट आणि गरम झाला की बसतो.

विंडोजवर तर वेगळीच मजा. डब्ल्यूएसएल२ मध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) काम करताय आणि फाइली सी ड्राइव्हवर ठेवल्यात तर प्रत्येक छोट्या फाइलसाठी विंडोज-लिनक्सची वेस ओलांडावी लागते, नोड मॉड्यूल्ससारखा (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या लायब्ररींचा फोल्डर) हजारो फाइलींचा पसारा असला की बघायलाच नको, शिवाय विंडोजच्या बाजूला डिफेंडर हा अँटीव्हायरस फाइली तपासत असतो तो वेगळाच. फाइली लिनक्सच्या बाजूला हलवल्या की तेच मशीन एकदम शहाणं वाटायला लागतं. आणि एम सिरीजच्या (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर एखादं ॲप स्लो आहे म्हणून बोंब मारायच्या आधी ॲक्टिव्हिटी मॉनिटर (चालू ॲप दाखवणारं मॅकमधलंच ॲप) उघडून काइंडचा कॉलम बघा, तिथे इंटेल लिहिलं असेल तर ते इंटेल चिपसाठी बनलेलं आहे आणि रोझेटा या ॲपलच्या सोयीमधून भाषांतर होत होत चालतंय, त्या ॲपचं ॲपलवालं व्हर्जन मिळतंय का बघा आणि मग परत मोजा.