आठ स्विच, एक बाइट

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांसाठी प्रोग्रॅम लिहिताना एक काम वारंवार करावे लागते: यंत्रावरच्या आठ लिमिट स्विचची (यंत्राचा हलता भाग ठरलेल्या जागी पोहोचल्याचे सांगणाऱ्या स्विचची) स्थिती गोळा करून एकाच बाइटमधून, म्हणजे ० किंवा १ असलेल्या आठ बिटांच्या गटातून, पुढे पाठवायची. चालू की बंद एवढेच सांगणाऱ्या प्रत्येक स्विचसाठी स्वतंत्र बाइट खर्ची घालणे मला पटत नाही.

स्विचचे मूल्य, म्हणजे ० किंवा १, त्याच्या क्रमांकाइतके (० ते ७) बिट डावीकडे सरकवायचे आणि आधीच्या निकालाशी त्याचा ‘ऑर’ करायचा, म्हणजे दोहोंपैकी एकात जरी १ असला तरी त्या जागी १ ठेवायचा. क्रमांक ०, २ आणि ५ चे स्विच चालू असतील, तर १, ४ आणि ३२ मिळून ००१००१०१, अर्थात ३७ ही संख्या मिळते. येथे बेरीज केली तरी उत्तर तेच येते. परंतु क्रमांक २ चा बिट दुसऱ्यांदा मिळवला गेला, तर ४ आणि ४ मिळून ८ होतात, तो बिट पुसला जाऊन क्रमांक ३ चा बिट लागतो आणि बंद असलेला स्विच चालू दिसू लागतो. ‘ऑर’ कितीही वेळा केला तरी असे होत नाही, म्हणून मी त्याचाच आग्रह धरतो.

शून्याचा बिट कोणत्या टोकाला, हे पाठवणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने आधीच ठरवावे, कारण उलट्या क्रमाने वाचल्यास ३७ चे १६४ होतात. पुढे एखादा बिट तपासताना सी भाषेत ‘&’ (दोन्हीकडे १ असेल तरच १ देणारी ‘अँड’ क्रिया) भोवती कंस अवश्य घालावा; तेथे ‘==’ ही बरोबरीची तपासणी आधी सोडवली जाते.