नमुना 8 वरचं नाव

सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी ग्रामसेवक होतो. ओढ्यापलीकडं चाळीसेक घरांची वस्ती. नमुना 8 च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या रजिस्टरात तिचं नाव 'महारवाडा'. घरपट्टीची पावती असो की उतारा, नऊ वर्षं ते नाव मी माझ्या हातानं लिहिलं. एकदाही हात अडखळला नाही, हे आज सांगताना जड जातं.

वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा शासन निर्णय 11 डिसेंबर 2020 ला निघाला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं त्यात सुचवलेली. आमच्याकडं विषय आला 2022 च्या 1 मेच्या ग्रामसभेत.

मी वाचून दाखवलं. मागून एकजण म्हणाला, "नाव बदलून काय होणार? जागा तीच की."

वस्तीतल्या एक ताई उठल्या. मुलगी पुण्याला होस्टेलवर. "जागा बदला कोण म्हणतंय? पोरीला तिथं जात कुणी विचारत न्हाई. फॉर्मवरचा पत्ता वाचत्यात."

सभा गप्प झाली. मग वस्तीतले एक बाबा बोलायला लागले, वय ऐंशीच्या पुढं. "आमी आपसात राजवाडाच म्हणत आलो." हा शब्द मी आमच्या भागात कितीतरी गावांत ऐकला होता, पण कागदावर कुठं पाहिला नव्हता. त्यांचे आजोबा येसकर. रात्री वेशीची राखण, सरकारी सांगावा पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं. त्याबदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं होतं. वतन प्रत्यक्षात गेलं 1958 च्या कायद्यानं.

"वतन गेलं, पर नाव तुमच्या वहीत ऱ्हायलं, भाऊसाहेब."

वही माझ्या मांडीवरच होती.

राजवाडा की भीमनगर, यावर वस्तीतच तासभर वाद झाला. पोरांना भीमनगर हवं होतं. शेवटी बाबांनीच त्यासाठी पहिला हात वर केला.

मंजुरी येऊन रजिस्टर दुरुस्त झालं, तेव्हा बाबा उतारा न्यायला आले. मी विचारलं, "घरकुलाच्या अर्जाला लावायचाय का?"

"कशाला लावायचा न्हाई. वाचून दावा."

मी वाचला. मालकाचं नाव, घर क्रमांक, भीमनगर.

"परत एकदा वाचा," म्हणाले.