केळं, भरीत आणि एक राखाडी चित्र

रविवार, रात्री

आज माहेरी मळ्यात भरीत होतं. थंडी पडली की यावलकडे रविवारी कुणाच्या ना कुणाच्या शेतातून धूर निघतोच. वांगी भाजून होईपर्यंत आमच्यात वाद पेटला, आणि तोही केळ्यावरून. केळ्याच्या दराबद्दल असता तर नवल नव्हतं. वाद होता भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेल्या केळ्याचा. धाकट्या भावाने मोबाइलवर जुनी बातमी काढून वाचली. इटलीच्या मॉरिझिओ कॅटेलान या कलाकाराची ही कलाकृती २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेली. आपले पन्नास कोटींच्या वर. केळं रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून ३५ सेंटला आणलेलं. घेणाऱ्याने पुढे ते खाऊन टाकलं.

नानांची हयात केळीत गेली. ते शांतपणे म्हणाले, "मंग अख्खा घड चिकटवला असता तं?"

सगळे हसले. पण नाना तिथे थांबले नाहीत. "हे मॉडर्न आर्ट म्हंजे लोकाले येडं बनवायचं काम आहे बॉ." भाची तोंड पाडून विहिरीकडे निघून गेली. ती चित्रकलेचा डिप्लोमा करते आणि सध्या अमूर्ताच्या, म्हणजे ओळखीचा आकार नसलेल्या चित्रांच्या, नादाला लागली आहे.

मला नानांचा राग नाही आला. केळ्याबद्दल माझंही मत फारसं वेगळं नाही. तो बाजारावर केलेला विनोद आहे, एकदा ऐकायला बरा. पण त्या केळ्याच्या पापाचं माप अमूर्त चित्राच्या पदरात टाकायचं, हे काही पटत नाही. केळ्यात बघण्यासारखं काही नाही, फक्त सांगण्यासारखं आहे. अमूर्त चित्राचं नेमकं उलटं. त्यात सांगण्यासारखं जवळपास काही नसतं आणि बघितल्याशिवाय ते हाती लागत नाही.

पानं वाढली तेव्हा मी नानांना छेडलं. "नाना, या भरतात वांगं कुठे आहे? देठ नाही, साल नाही, आकार नाही. मुसळाने ठेचून सगळं एक केलंय."

"चवीत आहे नं, माय."

"मग चित्रातही तसंच. आकार गेला, चव ठेवली."

नानांनी कळण्याच्या पुरीचा घास घेतला, विचार केला. "पन भरीत खाता येते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येताना बसमध्ये कांडिन्स्की आठवत होता. अमूर्त चित्रकलेच्या आरंभीच्या मोठ्या नावांपैकी एक, पण तोसुद्धा आधी नानांच्याच जागी उभा होता. १८९६ च्या सुमारास मॉस्कोत त्याने मोने या फ्रेंच चित्रकाराचं चित्र पाहिलं. चित्रात गंजी होती. मोनेने १८९०-९१ च्या आसपास गव्हाच्या गंज्यांची मालिकाच केली होती, सकाळची, संध्याकाळची, बर्फातली. कांडिन्स्कीला ती गंजी ओळखूच आली नाही. प्रदर्शनाच्या यादीत वाचलं तेव्हा कळलं. आधी तो वैतागला, चित्रकाराला असं धूसर काढण्याचा काय अधिकार म्हणून. मग लक्षात आलं की चित्र डोक्यातून जात नाहीये. ज्याला आपण गंजी म्हणतो ती नसतानाही रंगाने पकड घेतलीच होती. आमच्या खळ्यातल्या कडब्याच्या गंजीवर संध्याकाळी ऊन येतं तेव्हा तिच्याकडे कुणी गंजी म्हणून बघतं का? नाना बघत असतील, त्यांना बैलांचा हिशोब असतो.

हुबेहूब काढण्याचं काम १८३९ पासून कॅमेऱ्याने अंगावर घेतलंच आहे. चाळीसगावात राहून मी हे विसरणं शक्य नाही. इथे छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला आहे. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी घराबाहेर जवळपास पाऊलच टाकलं नाही. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, उजेड लावून, अख्खा देखावा खरा वाटेल असा फोटो काढायचे. म्हणजे 'खऱ्यासारखं' हेही शेवटी रचलेलंच असतं. ते फोटो पाहिल्यापासून 'दिसतं तसं काढलंय' ही शाबासकी मला जरा स्वस्त वाटते.

आणि आपल्याकडे अमूर्त हे परदेशातून आलेलं फॅड आहे, असं भाऊ म्हणतो तेव्हा मला पाटणं आठवतं. चाळीसगाव तालुक्यातलंच. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी कोरलेली आहे. हरीण नाही, माणूस नाही, सूर्य नाही. नुसत्या रेघा. पोट भरायची भ्रांत असताना कुणीतरी बसून त्या कोरल्या. ते कशाचं चित्र, हे विचारायला आज कुणी उरलेलं नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

मात्र एक कबूल. मोबाइलवर बघून अमूर्तावर वाद घालणं फुकट आहे. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे मी आधी छापील पाहिले होते, पोस्टकार्डाएवढे, आणि पान उलटलं होतं. मुंबईत मूळ कॅनव्हाससमोर उभी राहिले तेव्हा कळलं की रंग एका थराचा नाही. रोलरने, सुरीने थर चढवलेले, खरवडलेले, परत चढवलेले, खालचा रंग वरच्यातून वर येत असतो. हा माणूस वर्षाला मोजकीच चित्रं करायचा. त्यांचं एक चित्र २०२१ मध्ये जवळपास ४० कोटींना गेलं. तो आकडा मी आज मळ्यात काढला नाही. काढला असता तर गायतोंडेही केळ्याच्या शेजारी टांगले गेले असते. किमतीवरून चित्र खोटं ठरत नाही, तसं खरंही ठरत नाही. 'न समजणारा तो अडाणी' असा तोरा मिरवणारे समीक्षकही मला सोसत नाहीत. दहा अमूर्त चित्रांतली बरीचशी भिकार असतात. दहा निसर्गचित्रांतलीही असतात, फक्त तिथे नारळाचं झाड ओळखू येतं म्हणून आपण चालवून घेतो.

निघण्याआधी भाचीने माळ्यावरून तिचं चित्र काढून दाखवलं होतं. हातभर कॅनव्हास. सगळं राखाडी, खाली गेरूसारखा जाड पट्टा. नाना मागून म्हणालेच, "भिंतीले ओल आली असं दिसतंय." मी उजेडात नेऊन पाहिलं. राखाडीखाली हिरवा होता, जिथे तिने खरवडलं होतं तिथे डोकावत होता. तेवढा भाग खरंच सुंदर होता. बराच वेळ बघितला. खालचा पट्टा मात्र घाईत मारल्यासारखा वाटला आणि मी तसं तिला सांगितलं.

ती भडकली. "आत्या, पट्टा सगळ्यात आधी आला. बाकीचं चित्र त्याच्यासाठी केलंय."

असेल. मला अजूनही तो घाईतलाच वाटतो. दिवाळीनंतर तिच्या कॉलेजचं प्रदर्शन आहे, तिथे जाऊन पुन्हा भांडणार आहे.