लंडन सहकुटुंब, पायी: वेस्टमिन्स्टर ते टॉवर ब्रिज

थेम्सच्या दक्षिण काठाने वेस्टमिन्स्टर ब्रिजपासून टॉवर ब्रिजपर्यंतची वाट साधारण साडेचार किलोमीटरची. सडाफटिंग माणूस ती तासाभरात संपवतो. बरोबर लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर पाच तास धरा. कुटुंबाला ही वाट सोयीची आहे, कारण थोड्या थोड्या अंतरावर स्टेशन, स्वच्छतागृह आणि डोक्यावर छप्पर मिळत जातं. कुणाचे पाय बोलू लागले की तिथूनच परत फिरता येतं. वॉटर्लू, ब्लॅकफ्रायर्स, लंडन ब्रिज आणि शेवटी टॉवर हिल ही परतीची स्टेशनं निघण्याआधीच घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सुरुवात पश्चिमेकडून करावी. लंडनचा वारा बहुतेकदा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो, तो पाठीवर घेतलेला बरा. दुपारनंतर ऊनही मागे राहतं आणि समोरच्या इमारती उजळतात. जूनमध्ये रात्री नवाच्या पुढेपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात मात्र चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात सकाळी दहाला पुलावर हजर असायला हवं.

वेस्टमिन्स्टर ब्रिजच्या फुटपाथवर तीन वाट्या आणि एक गोटी मांडून बसलेले लोक दिसतात. जिंकणारे सगळे त्यांच्याच टोळीतले असतात, आणि बघ्यांच्या गर्दीत खिसे कापले जातात. मुलांचा हात धरून सरळ पुढे चला. पूल ओलांडल्यावर आधी उजवीकडे, सेंट थॉमस हॉस्पिटलच्या बाजूच्या काठावर जा. पार्लमेंटचा पूर्ण देखावा तिथून मिळतो आणि सगळे एका फोटोत मावतात. मनोऱ्याचं नाव एलिझाबेथ टॉवर, उंची ९६ मीटर. बिग बेन हे आतल्या १३.७ टनी घंटेचं नाव. मग उलट फिरून लंडन आय या महाकाय चाकाकडे निघायचं. चाकाची एक फेरी अर्ध्या तासाची असली तरी रांगेत त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. आधी वेळ आरक्षित केली नसेल तर खालूनच बघून पुढे जाणं शहाणपणाचं.

पुढचा टप्पा सगळ्यात आरामाचा. रॉयल फेस्टिव्हल हॉल या संगीतगृहात (१९५१) तिकीट नसतानाही आत जाऊन बसता येतं आणि स्वच्छतागृह वापरता येतं. ही पहिली विश्रांती गरज वाटण्याआधीच घ्या. मूल ‘दमलो’ म्हणेपर्यंत थांबलात, तर पुढचा अर्धा तास त्याला कडेवर घेऊन चालावं लागतं. पाऊस आला तर त्याच इमारतसमूहाखाली स्केटबोर्डवाल्या पोरांच्या कसरती बघत उभं राहता येतं. शेजारीच वॉटर्लू ब्रिजखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

इथेच एकदा सगळ्यांचे पाय तपासा. फोड यायच्या आधी टाचेला किंवा करंगळीला चटका जाणवतो. त्या क्षणी बूट काढून तिथे चिकटपट्टी लावली तर दिवस वाचतो. ‘हॉटेलवर गेल्यावर बघू’ म्हटलं तर पुढचे दोन दिवस जातात. प्रवासासाठी घेतलेले कोरे बूट हे याचं नेहमीचं कारण. निदान दोन आठवडे आधीपासून ते रोज वापरात हवेत. ओल्या सुती मोज्यांनी कातडी मऊ पडून लवकर सोलते, म्हणून प्रत्येकी एक कोरडा जोड पिशवीत असू द्या.

ब्लॅकफ्रायर्स स्टेशन थेट नदीवर आहे आणि त्याला दक्षिण काठावरूनही दार आहे. पुढे टेट मॉडर्न. जुन्या वीजकेंद्रातलं हे कलादालन, कायमस्वरूपी संग्रहाला प्रवेश मोफत. टर्बाइन हॉलच्या उतरत्या जमिनीवर मुलं मनसोक्त धावतात. वरचे सगळे मजले बघायचा मोह मात्र आवरा. दालनांच्या आतलं चालणं कुणी मोजत नाही, आणि संध्याकाळी पाय दुखतात ते त्यामुळेच. दोन दालनं पुरेत.

समोरचा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल किंचित आडवा डोलला की माणसं तोल सावरायला नकळत एकाच ठेक्यात पावलं टाकत, आणि त्याने डोलणं आणखी वाढे. धक्के शोषणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. मधोमध जाऊन सेंट पॉल्सचा घुमट बघा आणि माघारी या. कॅथेड्रल त्याच दिवशी उरकायला जाऊ नका. वरच्या सज्जापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत, गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी त्या वाटेला न गेलेलं बरं.

ग्लोब थिएटर मागे पडलं की थोड्याच अंतरावर वाट नदी सोडून क्लिंक स्ट्रीटच्या बोळात शिरते. हमखास चुकण्याची जागा हीच. उंच भिंतींमध्ये फोनवरचा नकाशा भरकटतो, म्हणून विंचेस्टर पॅलेसची गोल खिडकीवाली पडकी भिंत, गोल्डन हाइंड जहाजाची प्रतिकृती आणि सदर्क कॅथेड्रल या खुणा क्रमाने धरून चला. रस्ता दगडी आहे, बाबागाडीची छोटी चाकं अडखळतात. शेजारचं बरो मार्केट सोमवारी बंद असतं. शनिवारी दुपारी तिथे बाबागाडी घेऊन जाणं म्हणजे शिक्षाच. जेवायचं असेल तर इतर वारी बाराच्या आत पोचा.

चौकातल्या उभ्या फलकांवरचे नकाशे उत्तर वर धरून काढलेले नसतात. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती वर असते, म्हणून डोकं वाकडं करू नका. त्यांवर किती मिनिटांत चालत कुठवर जाता येईल याची वर्तुळंही असतात. फोन बघायचाच असेल तर भिंतीकडे सरका. रस्त्याच्या कडेला हातातला फोन सायकलवरून येऊन हिसकावतात. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण सायकलींच्या मार्गिका पुष्कळदा दुतर्फा असतात, तेव्हा दोन्हीकडे बघूनच पाय टाका. सिग्नलवरचा हिरवा माणूस काही सेकंदच दिसतो. ती निघायची वेळ असते, ओलांडून व्हायची नव्हे. तो गेला म्हणून मध्येच मागे वळू नका.

वाटेत कुणी थकलंच, तर काठाला समांतर रस्त्यांवरून वॉटर्लू ते टूली स्ट्रीट ३८१ क्रमांकाची बस जाते. बसमध्ये रोख चालत नाही. प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं काँटॅक्टलेस कार्ड लागतं, आणि ते यंत्राला पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात बदललेल्या बसना पुन्हा भाडं पडत नाही. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस मोफत. भारतीय कार्डावर परदेशातले आणि काँटॅक्टलेस असे दोन्ही व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवा, नाहीतर ड्रायव्हरसमोर उभं राहून शोधाशोध करावी लागते.

टॉवर ब्रिज (१८९४) वर्षाला सुमारे ८०० वेळा उघडतो. वेळा त्याच्या संकेतस्थळावर आधीच दिलेल्या असतात. त्यातली एक निवडून बाकीचा दिवस तिच्यावरून उलटा मोजत आखा. पूल ओलांडून टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याच्या खंदकाच्या कडेने दहा मिनिटांत टॉवर हिल स्टेशन येतं. तिथून पश्चिमेकडे जाणारी भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल मार्गाची कुठलीही गाडी सातव्या स्टेशनाला वेस्टमिन्स्टरला सोडते. दोन्ही स्टेशनांवर लिफ्ट आहे.