ग्रामपंचायतीपासून आमच्या सपरीपर्यंत

जूनची 11 तारीख, सकाळचे साडेसहा. मी नव्या घराच्या स्लॅबवर पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, टाकीच्या झाकणावर मोबाईल. मी व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्न भरून देते. जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस होता आणि माझे सात व्यापारी बाकी होते. खाली घरात मोबाईलला एकच काडी यायची, वर आलं की दोन. त्यातही गाव पूर्ण जागं झालं की वेग पडायचा, म्हणून पहाटे उठून वर जायचं. ओटीपी व्यापाऱ्याच्या फोनवर जातो. त्याला फोन लावायचा, त्याने आकडे सांगायचे आणि नेमकं तेव्हाच पान अडकायचं. आठ वाजेपर्यंत चार रिटर्न गेले. मग ऊन असं तापलं की लॅपटॉपचा पडदा दिसेना.

आर्वीला भाड्याच्या घरात राहत होतो तेव्हा ही अडचण कधी आली नाही. तिथे फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यातून येणारं इंटरनेट होतं आणि माझं सगळं काम घरूनच चालायचं. सासूबाई गावात एकट्या पडल्या, म्हणून जुन्या कवेलूच्या घरामागच्या जागेत दोन खोल्या आणि सपरी, म्हणजे पडवी, बांधली. अक्षय तृतीयेला राहायला आलो. गाव आर्वीपासून चौदा किलोमीटर. नळ, मीटर, गॅस यांचा विचार सहा महिने आधीपासून केला होता. इंटरनेटचं मात्र मी धरून चालले होते की जुनं कनेक्शन उचलून इकडे आणायचं, बस.

ते तसं होत नाही. कनेक्शन शिफ्ट होतं ते एकाच कंपनीचं जाळं दोन्ही ठिकाणी असेल तर. माझ्या जुन्या कंपनीचं जाळं आर्वीच्या वेशीवर संपत होतं. म्हणून ते बंद करावं लागलं. इथे एक गोष्ट मी नीट केली. राऊटर आणि त्याचा अडॅप्टर परत देताना त्यावरचा सिरीयल नंबर लिहिलेली पावती घेतली. अनामत रक्कम दीड महिन्याने आली तेव्हा तीच पावती दाखवावी लागली.

मग नवी कंपनी शोधायला लागले. एका कंपनीच्या ॲपमध्ये पिनकोड टाकला तर लगेच हिरवी खूण, ‘तुमच्या भागात सेवा उपलब्ध’. मी पैसे भरले. आमच्याकडे एका पिनकोडात दहा-बारा गावं बसतात. त्यातल्या एका गावात जाळं असलं तरी ॲप सगळ्यांनाच हो म्हणतं. आठ दिवस कोणी आलं नाही. नवव्या दिवशी मेसेज आला की तुमचं कनेक्शन पूर्ण झालं आहे. घरात वायरचा तुकडाही नव्हता. मी तक्रार नोंदवली आणि तिचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, लिहून घेतला. चार दिवसांनी तक्रारही ‘निकाली’ निघाली. तेव्हा तोच नंबर टाकून कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील केलं. दूरसंचार कंपन्यांना असा अधिकारी नेमावा लागतो, ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, तसा नियम आहे, आणि अपिलाला पैसे लागत नाहीत. माझे पैसे पूर्ण परत आले. पण त्यात मे महिना गेला.

शेवटी रस्ता सापडला तो ग्रामपंचायतीत. घरकराची पावती घ्यायला गेले होते. कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीतून एक काळी वायर भिंतीवर चढलेली दिसली. ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, “हे भारतनेटचं हाय ताई. इथून समोर गावात आठ घरी नेट चालू हाय.” केंद्र सरकारची ही योजना 2011 साली मंजूर झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, भारतनेट हे नाव पुढे 2015 मध्ये आलं. तिचा मूळ हेतू फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचवण्याचा. तिथून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा कोणीतरी जोडायचा. आमच्या भागात ते काम तालुक्याचा एक पोरगा घेतो. गावात कनेक्शन घेणाऱ्यांनी ॲपच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन त्या आठ घरांची चौकशी करावी, असं मी आता सगळ्यांना सांगते. कोण जोडतो, त्याचा नंबर काय, वायर तुटली तर किती दिवसांनी येतो, हे त्या घरांतून खरं कळतं.

पोरगा दुसऱ्याच दिवशी आला. मोटारसायकलला वायरचं बंडल अडकवलेलं. पोलवरची पेटी उघडली आणि बंद केली. “मॅडम, पोर्टच नाही जी. आठच्या आठ भरले.”

मला तेव्हा याचा अर्थ कळला नाही. त्याने समजावलं ते असं. मुख्य यंत्र तालुक्याला आहे, तिथून काचेचा एक धागा येतो. पेटीतला स्प्लिटर त्या एका धाग्यातला उजेड आठ घरांत वाटतो. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसता उजेड फोडतो. पण आठाचा स्प्लिटर म्हणजे आठच घरं. नववं घर पाहिजे तर नवा स्प्लिटर बसवायचा, आणि एका घरासाठी तो कोणी बसवत नाही. “चार घरं जमवा, मी लावून देतो.”

मी संध्याकाळी शेजारी-पाजारी फिरले. पहिल्या घरी तलाठी भरतीचा अभ्यास करणारी मुलगी होती. ती रोज शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून व्हिडिओ बघायची, कारण तिथे रेंज यायची. तिचे वडील लगेच तयार झाले. कृषी केंद्राच्या दुकानदाराला बिलं बनवायला नेट हवंच होतं. चौथं घर अंगणवाडीच्या सेविकाबाईंचं. पोषणाच्या नोंदी मोबाईलवर भरताना त्यांचे रोज हाल होत होते. दोन दिवसांत चार घरं झाली. मला वाटलं होतं, लोकांना समजावत बसावं लागेल. ते तर कोणी विचारायची वाट पाहत होते.

यानंतरचा भाग सगळ्यात अवघड. पेटीपासून आमचं घर 380 मीटर. मधे विजेचे पोल आहेत, पण ते महावितरणचे. त्यांच्यावर परवानगीशिवाय वायर बांधता येत नाही आणि बांधूही नये. लाईन दुरुस्त करायला लाईनमन चढतो तेव्हा आपली वायर त्याच्या पायात येते. म्हणून रस्ता घराघरांच्या भिंतींवरून काढायचा ठरला. वाटेत सहा घरं आणि एक चौक. मी प्रत्येक घरी स्वतः गेले, घरच्या मोठ्या माणसाला विचारलं. यात कंपनीचा माणूस पाठवू नये. आपण गेलं पाहिजे. पुढे वायर तुटली तर त्याच भिंतीवर पुन्हा शिडी लावायची असते.

पाच घरांनी हो म्हटलं. सहावं घर चौकातलं, तिथले आजोबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “नेजा सूनबाई. पन उंच बांधजा. दिवाळीनंतर कापसाचा मेटॅडोर भरून आला का तोडून नेते थो.” त्यांनी हातातली काठी उचलून दाखवली, मग म्हणाले, अशा तीन काठ्या. आम्ही चौकात दोन्ही बाजूंना जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाईप रोवले आणि वायर अठरा फुटांवर घेतली. पाईपचे पैसे चार घरांनी वाटून घेतले.

घरात शिरताना मला माझी चूक दिसली. बांधकामात टीव्हीसाठी पाईप टाकला होता, याच्यासाठी नाही. नवी पुट्टी केलेल्या भिंतीला भोक पाडावं लागलं. ज्यांचं प्लास्टर अजून बाकी आहे त्यांनी सपरीपासून घराच्या मधल्या खोलीपर्यंत एक इंचाचा रिकामा पाईप टाकून ठेवावा. त्याला काटकोनातला एल्बो लावू नये, लांब वळणाचा बेंड लावावा. का, ते पुढे सांगते.

जोडणी झाली 14 जूनला, दुपारी. पोरगा सपरीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, “पंखा बंद करा जी, धूळ बसते काचेवर.” त्याने वायरची काळी साल काढली, आत पांढरा दोरा, आणि त्याच्या आत तो धागा. जाडी मिलिमीटरचा आठवा हिस्सा. स्पिरिटने पुसला, छोट्या यंत्रात ठेवून टोक सरळ कापलं, मग दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. पडद्यावर दोन्ही टोकं मोठी होऊन दिसली, एक ठिणगी पडली आणि काच काचेला वितळून जुळली. सासूबाई चष्मा लावून जवळ येऊन बघत होत्या. त्या म्हणाल्या, “सोनारावानी काम हाय बावा.” खरंच तसंच होतं. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, पण बोटं हलत नव्हती.

राऊटर लावला. पॉवरचा दिवा हिरवा आणि एलओएसचा लाल. लाल म्हणजे उजेड पोचत नाही. पोराने मीटर लावला तर उणे 28.4 डीबीएम. डीबीएम हे उजेडाची ताकद मोजायचं माप, उण्यातला आकडा वाढला की उजेड कमी. पेटीजवळ त्याने मोजलं होतं उणे 19.5. राऊटरला साधारण उणे 27 पर्यंतचा उजेड वाचता येतो, त्याहून कमी झाला की तो आंधळा. 380 मीटरमध्ये एवढा तोटा होतच नाही, काचेत तो एका किलोमीटरलाही अर्ध्या डीबीहून कमी असतो. म्हणजे वाटेत कुठेतरी वायर दुखावली होती. त्याने पेनासारखी लाल लेझर वायरच्या टोकाला लावली आणि अंधार पडायची वाट पाहिली. साडेसात वाजता आमच्याच स्लॅबच्या कोपऱ्यावर, खिळा मारून वायर काटकोनात वळवली होती तिथे, निखाऱ्यासारखा लाल ठिपका दिसला. उजेड तिथून बाहेर सांडत होता. खिळा काढला, वायरला ताटाएवढं गोल वळण दिलं. मीटर उणे 20.6. लाल दिवा विझला. म्हणून तो पाईपही लांब वळणाचाच हवा.

महिन्याचं भाडं जाहिरातीत 499 होतं. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून बिल 589 येतं. माझा स्वतःचा जीएसटी नंबर आहे, तो मी नोंदणीच्या वेळीच बिलावर टाकून घेतला, नाहीतर त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. वेग 40 एमबीपीएसचा. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. हा आकडा बिटचा आहे आणि फाईल मोजतात बाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, म्हणून त्याला आठाने भागायचं. म्हणजे 40 एमबीची फाईल उतरायला आठ सेकंद लागतात, एक नाही. वेग तपासताना लॅपटॉप वायरने राऊटरला जोडून तपासावा. वायफायवर कमी दिसला तर तो बहुधा भिंतींचा दोष असतो. राऊटरमध्ये दोन वायफाय असतात. 5 गिगाहर्ट्झचा वेग जास्त पण तो भिंतीपलीकडे दमतो, 2.4 चा हळू पण लांब जातो. जुन्या घराच्या मातीच्या भिंती दीड फुटाच्या आहेत. सासूबाईंच्या खोलीत त्या नातवाशी व्हिडिओवर बोलतात, तिथे 2.4 च पोचतो.

लाईट जाण्याचा प्रश्न होताच. गावठाण फीडरवर पावसाळ्यात लाईट केव्हाही जाते. स्प्लिटरला वीज लागत नसल्यामुळे आपला राऊटर चालू ठेवला की पुरतं. राऊटरसाठीचा छोटा यूपीएस घेतला, घेताना अडॅप्टरवरचे आकडे जुळवले, 12 व्होल्ट आणि अँपिअर. तो तीन तास काढतो. 20 जूनला, जीएसटीआर-3बी, म्हणजे कर भरायच्या महिन्याच्या रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी वादळ झालं आणि गावभर अंधार पडला. मी सपरीत बसून उरलेले पाच रिटर्न भरले. विजा जवळ कडाडायला लागल्या की मात्र मी अडॅप्टर भिंतीतून काढते. फायबर काचेचा असल्यामुळे वीज त्यातून येत नाही, पण लाईटच्या तारेतून येते.

जुलैच्या शेवटी एक दिवस सकाळीच लाल दिवा. काळतोंडी माकडांचा कळप रात्री चौकातल्या पिंपळावर उतरला होता. एकाने वायरला लटकून ती पाईपाजवळ चावून तोडली होती. मी पोराला फोन केला आणि चौकात गेले, तर आजोबांनी आधीच आपली शिडी भिंतीला लावून ठेवली होती. जोडणीच्या दिवशी पोराने पंधरा मीटर वायर गोल गुंडाळून त्यांच्या भिंतीवर टांगून ठेवली होती. मी तेव्हा म्हटलं होतं, एवढी जास्तीची वायर कशाला. त्याच गुंडाळीतून चार मीटर सोडले, सावलीत बसून जोड मारला, आणि अकराच्या आत चारही घरांचे दिवे हिरवे झाले.