तुम्ही विचारलंत म्हणून: आयबी डिप्लोमा झेपेल का?

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. त्याचा विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या मुलाला झेपेल का?" मी उलट विचारते, हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात, कुठले तीन विषय घेणार आहे? झेपणं न झेपणं बरंचसं तिथेच ठरतं, हुशारीचा मुद्दा त्यानंतर येतो.

आधी रचना थोडक्यात सांगते. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेला हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम १६ ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे. विषय सहा, त्यातले सहसा तीन हायर लेव्हलला (प्रत्येकी २४० तास) आणि तीन स्टँडर्ड लेव्हलला (१५० तास). प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण, म्हणजे ४२. टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे 'आपल्याला जे माहीत आहे ते कसं कळतं' याचा अभ्यास) आणि एक्सटेंडेड एसे (स्वतः निवडलेल्या प्रश्नावरचा मोठा शोधनिबंध) मिळून जास्तीत जास्त ३. एकूण ४५. 'कॅस'ला (क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस: कला, खेळ आणि समाजसेवेचे उपक्रम) गुण नाहीत, पण ते पूर्ण झाल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही.

"२४ गुण मिळाले की पास" हे अर्धंच खरं आहे. समजा, हायर लेव्हलला ४, ४, ३ मिळाले आणि स्टँडर्डला ६, ६, ५. विषयांचे झाले २८, वर टीओके आणि एसेचा १ धरला तर २९. तरीही डिप्लोमा नाही, कारण हायर लेव्हलच्या तीन विषयांत मिळून किमान १२ लागतात आणि इथे ११च झाले. टीओके किंवा एसेमध्ये 'ई' ही सगळ्यात खालची श्रेणी आली, तरी एकूण गुण कितीही असोत, डिप्लोमा हुकतो. म्हणून हायर लेव्हलचा विषय मैत्रिणीने घेतला म्हणून किंवा भारदस्त वाटतो म्हणून घेऊ नये.

सगळ्यात जास्त गोंधळ गणितात होतो. गणिताचे दोन वेगळे कोर्स आहेत: 'ॲनालिसिस अँड अप्रोचेस' आणि 'ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन'. पहिल्याचा पेपर १ कॅल्क्युलेटरशिवाय असतो, दुसऱ्यात सगळ्या पेपरांना कॅल्क्युलेटर चालतो. दुसरा सोपा म्हणून घेतला आणि पुढे इंजिनिअरिंगला जायचं ठरलं, तर अडचण येते, कारण अनेक विद्यापीठं पहिलाच मागतात आणि तोही हायर लेव्हलला. तेव्हा आधी विद्यापीठाची अट वाचा, मग कोर्स निवडा. हायरवरून स्टँडर्डला उतरता येतं. पहिलं सत्र उलटून गेल्यावर वर चढणं फार जड जातं.

आता एक्सटेंडेड एसे. ४००० शब्दांची मर्यादा ऐकून मुलं घाबरतात, पण शब्द कमी पडत नाहीत. बिघडतो तो प्रश्न. "जीवनसत्त्वं आणि आरोग्य" हा प्रश्न नव्हे, ते ग्रंथालयातलं एक कपाट आहे. "२० मिनिटं ठरावीक तापमानाला ठेवलेल्या संत्र्याच्या रसात क जीवनसत्त्व किती उरतं?" हा प्रश्न. ३० ते ९० अंश सेल्सिअसमध्ये पाच तापमानं, प्रत्येकी पाच वेळा, म्हणजे आयोडीनची २५ टायट्रेशन्स (आयोडीनचं द्रावण थेंबथेंब टाकून, ते किती लागलं यावरून जीवनसत्त्व मोजणं). एवढं काम आटोक्यातलं आहे.

चुका कुठे होतात तेही बघा. रस उघड्या भांड्यात तापवला की पाणी उडून जातं, उरलेला रस घट्ट होतो आणि जीवनसत्त्व प्रत्यक्षात घटलं तरी आकडा तेवढा खाली येत नाही. म्हणून झाकण हवं, किंवा तापवल्यावर पाणी घालून आकारमान पूर्ववत करायला हवं. दुसरी चूक ब्युरेटची, म्हणजे आयोडीन मोजून सोडायच्या खुणांच्या नळीची. एका वाचनात ±०.०५ मिली अनिश्चितता धरली, तर सुरुवातीचं आणि शेवटचं मिळून ±०.१ होते. दोन तापमानांतला फरकच ०.२ मिली असेल, तर त्यावर निष्कर्ष उभा राहत नाही. आयोडीनचं द्रावण सौम्य करा, म्हणजे ते जास्त मिली लागेल आणि फरक ठळक दिसेल. हे सगळं प्रश्न पक्का करण्याआधी एका दुपारच्या चाचणीत कळतं. ती दुपार वाचवणारी मुलं नंतर दोन महिने घालवतात, हे बघवत नाही.

नियमही नीट माहीत हवेत. मार्गदर्शक शिक्षक पूर्ण मसुद्यावर एकदाच अभिप्राय देतात, तेव्हा अर्धवट मसुदा देऊन ती संधी वाया घालवू नये. ४००० शब्दांपुढचं परीक्षक वाचत नाहीत, त्यामुळे निष्कर्ष ४२००व्या शब्दाला असेल तर तो नसल्यातच जमा. आणि विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनातला प्रयोग एसेत पुन्हा वापरता येत नाही.

टीओकेच्या निबंधाला १६०० शब्द, प्रदर्शनाला तीन वस्तू आणि ९५० शब्द. कॅस सुमारे १८ महिने चालतं. त्याच्या नोंदी दर आठवड्याला केल्या तर काहीच जड नाही, शेवटच्या महिन्यात एकदम लिहायला बसलं तर छळ होतो.

मुलं कोसळतात ती बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. एसेचा शेवटचा मसुदा, विज्ञानाचा अहवाल, गणिताचं एक्स्प्लोरेशन (गणितावरचा छोटा शोधप्रकल्प), टीओकेचा निबंध आणि विद्यापीठांचे अर्ज हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. यातलं एकेक काम अवघड नसतं. एसेचा पूर्ण मसुदा पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत झालेला असेल, तर त्या महिन्यांत श्वास घेता येतो.

म्हणून प्रवेश घेण्याआधी शाळेकडे एकच कागद मागा: दोन्ही वर्षांतल्या सगळ्या विषयांच्या मसुद्यांच्या आणि अंतिम प्रतींच्या अंतर्गत तारखा, एकत्र लिहिलेल्या. त्यात एका आठवड्यात तीनपेक्षा जास्त गोष्टी पडल्या असतील, तर समन्वयकांना विचारा की त्यातली कुठली पुढेमागे करता येईल.